नमुन्यातली सहा छपरं

१

"ताई, मंगळवारी तुमी सोताच्या डोळ्यांनी बघितल्या ना प्लेटा? मग तसं सांगा कुनाला तरी. माझं कुनी ऐकंना."

मंजुळाबाई खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या. आकुर्डीच्या लेखापरीक्षण कार्यालयात त्या दोन बस बदलून आल्या होत्या. चाकणच्या पलीकडे एका गावात त्यांच्या बचत गटाचं मिरची कांडपाचं केंद्र होतं. कंपन्यांच्या कँटीनना मसाला पुरवणाऱ्या अकरा बायका त्यात होत्या. शासनाच्या अनुदानातून छपरावर सोलर बसावं म्हणून गटाने दोन वर्षांपूर्वी अर्ज केला होता, आणि कागदोपत्री तो मार्चमध्येच बसलाही होता.

विजयश्रीला ते केंद्र चांगलं आठवत होतं. सहाच दिवसांपूर्वी, अकरा नोव्हेंबरला, ती त्या पत्र्यावर चढली होती. तिने बारा पॅनल मोजले होते, इन्व्हर्टरचा हिरवा दिवा पाहिला होता आणि ‘यंत्रणा जागेवर व चालू’ असं लिहून खाली सही केली होती.

"मग झालं काय?" तिने विचारलं.

मंजुळाबाईंनी सगळं सांगितलं. इतके महिने गटाला कुणी काही कळवलंच नव्हतं. मग एका आयतवारी अचानक ट्रक आला, माणसांनी संध्याकाळपर्यंत प्लेटा बसवल्या. बायकांना इतका आनंद झाला की त्यांनी नारळ फोडला. मंजुळाबाई स्वतः शिडीने वर गेल्या आणि पहिल्या प्लेटेच्या कोपऱ्यावर त्यांनी हळदीची पाच बोटं उमटवली. मंगळवारी विजयश्री पाहून गेली आणि बुधवारी दिवस उजाडायच्या आत तोच ट्रक परत आला. माणसं म्हणाली, दुरुस्तीला नेतो. त्याला आज पाच दिवस झाले होते. कंत्राटदार प्रीतमचा फोन लागत नव्हता, आणि अनुदान देणाऱ्या कार्यालयातला माणूस म्हणाला होता की तुमच्याकडे यंत्रणा आहे असं ऑडिटच्या मॅडमनीच लिहून दिलंय.

विजयश्रीच्या हातातलं पेन थांबलं. कारण तो माणूस खरं बोलत होता. तिने तसंच लिहून दिलं होतं.

२

त्याच दुपारी ती स्वतः जाऊन पाहून आली. केंद्राच्या पत्र्यावर सिमेंटचे ठोकळे होते, बाकी काही नाही. पॅनलचा सांगाडा नुसता ठोकळ्यांवर ठेवलेला होता, बोल्ट मारलेलाच नव्हता, हे तिला आता कळलं. तिथून ती पाहणी केलेल्या दुसऱ्या एका छपरावर गेली. तेही कोरं होतं.

चोवीस जागांवर सोलर बसवल्याचं दाखवून प्रीतमने अनुदान घेतलं होतं. सगळ्या चोवीस जागा बघायला माणसं नव्हती, म्हणून नियमाप्रमाणे नमुना म्हणून सहाची पाहणी करायची होती. त्या सहा कोणत्या, हे ऑडिटवाल्यांशिवाय कुणाला कळू नये अशी पद्धत. आणि विजयश्री पोचली तेव्हा नेमक्या त्याच सहा छपरांवर पॅनल होते. याचा अर्थ सरळ होता. यादी फुटली होती.

यादी तिने सोमवारी, दहा तारखेला, संध्याकाळी साडेपाचला काढली होती. काढण्याची रीत नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनची, ज्ञानेश निफाडकर सरांनी शिकवलेली. पाहणी ज्या तारखेला सुरू होणार त्या आकड्यापासून सुरुवात करायची आणि पुढे दर चौथी जागा घ्यायची. "कॉम्प्युटर कुणाचा तरी असतो, कॅलेंडर कुणाचं नसतं," असं सर म्हणायचे. बाकीचे लोक कधीच कॉम्प्युटरवर गेले होते. विजयश्रीने मात्र कागद-पेन सोडलं नव्हतं.

त्या संध्याकाळनंतर यादी तीन माणसांना ठाऊक होती. तिचा सहायक धम्मरत्न, ज्याने ती टाइप केली. गाडीचा ड्रायव्हर किसन, ज्याला रस्ता ठरवायचा होता. आणि अनुदान कार्यालयातली अभियंता पूनम, जिला जागांच्या किल्ल्या मागवायच्या होत्या.

पूनमला तिने आधी विचारलं. पूनमने रागानेच उत्तर दिलं. मला यादी मंगळवारी सकाळी नऊला मिळाली, अकरा वाजता तुम्ही छपरावर होतात, दोन तासांत बारा पॅनल कोण चढवतं, ते सांगा. दोन तासांत हे होणं शक्य नव्हतं.

किसन पुनावळ्याच्या जुन्या घरातला. शेत बिल्डरकडे गेलं, तेव्हा आलेल्या पैशात त्याने गाडी घेतली आणि ती सरकारी कामाला लावली. त्याचा मेव्हणा प्रीतमकडे कामाला आहे हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्याला विचारताना विजयश्रीने आवाज थोडा कडकच ठेवला. किसनने फोन काढून तिच्या पुढ्यात ठेवला.

"बघा मॅडम. सोमवारी सांजच्याला पुतणीचा साखरपुडा व्हता. एकबी फोन लावल्याला न्हाई. आन् मेव्हण्याशी आमचं चार वर्स बोलनंच न्हाई, जमिनीवरनं."

फोनमध्ये खरंच काही नव्हतं.

मग उरला धम्मरत्न. पाहणीच्या तिन्ही दिवशी तो प्रत्येक ठिकाणी पोचल्या पोचल्या बाजूला जाऊन, हाताने तोंड झाकून फोनवर बोलत होता. तेव्हा तिने लक्ष दिलं नव्हतं. आता ते दृश्य डोळ्यांपुढून हलेना. सात वर्षं तो तिच्या हाताखाली होता. उदगीरहून आलेला, कामाला चोख, एक शब्द वावगा नाही. त्याला काय विचारायचं आणि कसं, हे तिला कळेना. म्हणून कोड्यात अडकली की ती जे करायची तेच तिने केलं. ती निफाडकर सरांकडे गेली.

३

सरांचा फ्लॅट ताथवड्यात होता, कॉलेजच्या मागच्या नव्या इमारतींत, अकराव्या मजल्यावर. ते निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. विजयश्रीचे वडील ती परीक्षा पास झाली त्याच वर्षी गेले, आणि नोकरीची सुरुवातीची वर्षं तिला सरांनीच सांभाळून घेतलं. तिच्या लग्नात मुलीकडचे म्हणून उभे राहिले ते सरच. दिवाळीचा पहिला फराळ अजूनही त्यांच्या घरी जायचा.

सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. मध्ये एकदाच विचारलं, की ही तक्रार अजून कुणाकुणाला माहीत आहे. विजयश्री म्हणाली, तुम्ही आणि मी. मंजुळाबाईंना गप्प राहायला सांगितलंय.

"पूनम नाही आणि ड्रायव्हर नाही, मग कोण राहतो?" सर म्हणाले. "विजू, जवळच्या माणसावर संशय घेणं जड जातं. पण हिशेब सरळ आहे. आणि तू गप्प बसलीस तर उद्या म्हणतील की सही तुझी आहे, म्हणजे तूच सामील आहेस."

हे मात्र तिला पटलं, कारण ती भीती तिच्या मनात आधीपासूनच होती.

दुसऱ्या दिवशी तिने उपसंचालक साहेबांना गोपनीय टिपण दिलं. संध्याकाळपर्यंत धम्मरत्नला पाहणीच्या कामातून काढून जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं गेलं. तो तिच्या टेबलाशी आला तेव्हा त्याच्या हातात तो आदेश होता.

"मॅडम, यात लिहिलंय की माझ्याबद्दल शंका आहे. कशाची, ते लिहिलेलं नाही."

विजयश्री म्हणाली की चौकशी पूर्ण होईपर्यंत मला बोलता येणार नाही. मग त्याने कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, पावती मागून घेतली आणि गेला.

साहेबांनी दुसरी पाहणी लावली. पत्रात कारण लिहिलं ‘नियमित दुसरा टप्पा’, म्हणजे कंत्राटदाराला संशय येणार नाही. सुरुवात पंचवीस नोव्हेंबर, मंगळवार. यादी फोडणारा माणूस आता बाजूला झाला होता. या वेळी छपरं कोरी सापडायला हवी होती.

४

या वेळी तिने कुणाला काही कळूच दिलं नाही. शनिवारी घरी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून सहा आकडे काढले. चोवीस जागांत पंचविसावी म्हणजे पुन्हा पहिली; तिथून एक, पाच, नऊ, तेरा, सतरा, एकवीस. टाइप केली नाही, किसनला सांगितली नाही, पूनमला तर नाहीच. कागदसुद्धा फाडून टाकला. आणि ठरवलं की तारखेच्या आदल्या दिवशीच जायचं.

सोमवारी सकाळी साडेदहाला ती आपल्या स्कूटरवरून निघाली आणि तळवड्यावरून म्हाळुंग्याला पोचली. क्रमांक एक म्हणजे नट-बोल्टची छोटी शेड होती. गल्लीच्या तोंडाशीच तिने ब्रेक दाबला.

शेडसमोर ट्रक उभा होता. चार माणसं पत्र्यावर पॅनल चढवत होती.

तिने हेल्मेट काढलं नाही. गिऱ्हाईक असल्यासारखी ती आत गेली आणि मालकाला विचारलं, सोलर बसवताय वाटतं. तो म्हणाला, कसलं बसवतोय, उद्या सरकारी तपासणी आहे, दोन दिवसांसाठी ठेवतायत, नंतर कायमचं बसवून देऊ म्हणालेत. शेवटचा पॅनल अजून भिंतीला टेकवून ठेवला होता. त्याच्या चौकटीच्या खाचेत पिवळं काहीतरी वाळून बसलं होतं. विजयश्रीने नखाने ते खरवडलं आणि नाकाशी नेलं. हळद होती. खाचेच्या वर, अर्धवट पुसलेली, पाच बोटं होती. मागच्या बाजूला अनुक्रमांकाची चिकटपट्टी होती आणि तिच्या कडेखालून दुसरी, जुनी चिकटपट्टी डोकावत होती.

तेच पॅनल या छपरावरून त्या छपरावर फिरत होते. एवढं सिद्ध झालं.

पण शेडमधून बाहेर येताना ती वेगळ्याच विचारात होती. ही यादी तिने कुणालाच सांगितली नव्हती. ती फक्त तिच्या डोक्यात होती.

५

म्हाळुंग्याच्या चौकात एका रसवंतीत ती बराच वेळ बसली. समोरून कंपन्यांच्या बसगाड्या आणि कंटेनर सरकत होते, आणि तिला मंजुळाबाईंचं बोलणं शब्दन् शब्द आठवायला लागलं.

आयतवारी ट्रक आला. आयतवार म्हणजे रविवार. नऊ तारीख. तिने यादी काढली ती सोमवारी, दहाला.

तिने हे ऐकलं होतं. आपल्या हाताने जबाबात लिहूनही घेतलं होतं. पण तेव्हा कोण फुटलं याच विचारात ती होती, त्यामुळे वाराकडे लक्षच गेलं नव्हतं. ट्रक आला तेव्हा यादी अस्तित्वातच नव्हती. मग ती फोडणार कोण? धम्मरत्नने टाइप करायच्या एक दिवस आधी प्रीतमला सहा आकडे माहीत होते. जे अजून कुणी लिहिलेलंच नाही ते कुणी चोरू शकत नाही. ते फक्त आधीच ताडता येतं.

आणि ताडायला काय लागत होतं? चोवीस जागांची क्रमवार यादी, जी प्रीतमकडे होतीच. पाहणीची तारीख, जी पत्रातून आठ दिवस आधी कळवली होती. आणि विजयश्री आकडे कसे काढते, हे.

ते माहीत असलेला माणूस जगात एकच होता.

तिला वाटलं, हे खोटं निघावं. खोटं आहे की खरं, हे पाहण्याचा मार्गही तिला त्याच क्षणी सुचला, आणि सुचला याचाच तिला त्रास झाला. तिने सरांना फोन लावला. इकडचं तिकडचं बोलली, आणि मग सहज म्हणाली की सर, घरी पाहुणे येतायत, म्हणून मी पाहणी एक दिवस पुढे ढकलतेय. बुधवारी, सव्वीसला सुरू करीन. ऑफिसात अजून सांगितलेलं नाही, उद्या सकाळी साहेबांना सांगेन.

"बरं, बरं," सर म्हणाले. "तब्येत सांभाळ. फार धावपळ करतेस."

सव्वीस म्हणजे क्रमांक दोन. ते पावडर कोटिंगचं दुकान त्याच गल्लीत, चार शेड सोडून होतं. ती तिथे जाऊन वर पाहून आली. पत्रा रिकामा होता.

मंगळवारी सकाळी पत्राप्रमाणे पाहणीचा दिवस होता. विजयश्रीने साहेबांना विनंती केली की आज तुम्ही स्वतः चला. साहेब आले. आधी ते क्रमांक एकच्या शेडसमोर थांबले. काल तिथे चढवलेले पॅनल गेले होते, नुसते ठोकळे पडले होते. मग ते चार शेड पुढे चालत गेले.

पावडर कोटिंगच्या छपरावर बारा पॅनल ओळीने चमकत होते. कडेच्या पॅनलवर हळदीची बोटं होती.

"पण आजची तारीख असताना यांनी इथे का आणले?" साहेबांनी विचारलं.

"कारण तारीख बदलल्याचं मी एकाच माणसाला सांगितलं होतं, साहेब," विजयश्री म्हणाली.

६

सरांनी दार उघडलं आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते आत वळले. त्यांनी चहा विचारला नाही. विजयश्रीने उभ्याउभ्याच सगळं मांडलं. रविवार, सोमवार, हळद, एक आणि दोन. सरांनीच शिकवलं होतं तसं, आधी घटना आणि मग निष्कर्ष.

ते नाकारतील असं तिला वाटत होतं. तिने त्यासाठी उत्तरंही तयार ठेवली होती. पण सर म्हणाले, "बरोबर आहे. छान पकडलंस."

मग ते खिडकीकडे बघत सांगत राहिले. निवृत्तीनंतर सहा महिन्यांत फोन बंद झाले. ज्या लोकांच्या फायली त्यांच्या सहीवाचून हलत नव्हत्या ते रस्त्यात ओळख दाखवीनात. मग प्रीतम आला. त्याने सल्लागार म्हणून खुर्ची दिली, न्यायला गाडी पाठवली, चार लोकांत सर म्हणून हाक मारली. पहिलं वर्ष ते खरोखर सल्लाच देत होते. पुढे एकदा त्याने विचारलं, की तुमच्या मॅडम नमुना कसा काढतात हो.

"मी कुठली फाईल चोरली नाही, विजू. कुणाला विकत घेतलं नाही. पॅनल आज ना उद्या बसणारच होते, त्याच्याकडे माल कमी पडला होता, एवढंच. मी फक्त एक पद्धत सांगितली. ती माझीच होती."

"पद्धत तुमची होती," विजयश्री म्हणाली. "सही माझी होती."

सरांनी खिडकी ओढून लावली.

"आणि धम्मरत्नचं नाव माझ्या तोंडून काढून घेतलंत. त्याची काय गरज होती?"

"तुझा संशय कुणावर तरी थांबवायला हवा होता," ते म्हणाले. मग त्यांनी हळूच विचारलं, की अहवालात माझं नाव येणार का. तुझ्या काकूंना अजून काही माहीत नाही.

विजयश्रीला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. तिला एवढंच दिसत होतं की बायको, घर, अब्रू, या सगळ्याची आठवण सरांना आज झाली होती, आणि तिची आठवण त्यांना एकदाही झाली नव्हती. तिने सांगितलं की नाव येईल. लिफ्टची वाट न पाहता ती अकरा मजले पायऱ्या उतरून खाली आली.

७

चोवीसच्या चोवीस छपरं तपासली गेली. एकोणीस कोरी निघाली. प्रीतम आणि निफाडकर यांच्याविरुद्ध गुन्हा नोंदला गेला आणि योजनेचा पुढचा हप्ता थांबला. अहवालात विजयश्रीने एक परिच्छेद स्वतःबद्दल लिहिला. नमुना निवडण्याची तिची पद्धत आधी ओळखता येण्यासारखी होती, सांगाडा पक्का आहे की नाही हे तिने तपासलं नाही, आणि जबाबातला वार तिच्या नजरेतून सुटला. साहेब म्हणाले, एवढं लिहायची गरज नाही. तिने ते राहू दिलं.

मंजुळाबाईंना ती स्वतः जाऊन सांगून आली की खटला चालेल, पण प्लेटा कधी मिळतील ते सांगता येत नाही. मंजुळाबाईंनी ऐकून घेतलं. सोलर बसलं म्हणून कँटीनवाल्यांना त्यांनी मसाल्याचा भाव कमी करून दिला होता. तो आता परत कसा वाढवायचा, एवढंच त्या शेजारणीला विचारत होत्या.

मग ती जुन्या फायलींच्या खोलीत गेली. धम्मरत्न गठ्ठे बांधत होता. तिने त्याला रद्द झालेला आदेश दिला, सगळी हकिकत सांगितली आणि माफी मागितली. तो उभा राहून ऐकत होता. नवा आदेश त्याने दोनदा वाचला.

"यात ‘शंका निराधार होती’ एवढंच आहे," तो म्हणाला. "शंका कुणी घेतली, तेही लिहा, मॅडम. पहिल्या टिपणावर तुमची सही होती."

तिने तिथेच टेबलावर कागद ठेवून ती ओळ लिहिली आणि खाली सही केली. मग न राहवून विचारलं, की तू त्या तीन दिवसांत सारखा फोनवर कुणाशी बोलत होतास.

"बायकोला सातवा महिना चालू होता. डॉक्टरांनी पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलं होतं. घरी दुसरं कुणी नव्हतं, म्हणून दर तासाला फोन करत होतो." त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "तुम्ही तेव्हा विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. ड्रायव्हरला विचारलंत, पूनम मॅडमना विचारलंत. मला नाही विचारलं."

विजयश्रीने आता दोघांची तब्येत कशी आहे, म्हणजे बायकोची आणि बाळाची, असं काहीतरी अडखळत विचारलं. तो म्हणाला, ठीक आहे. मग त्याने सांगितलं की सोलापूर विभागात बदलीसाठी अर्ज दिलाय, तुमच्या शिफारशीची गरज पडणार नाही.

तो पुन्हा खाली बसला आणि अर्धवट राहिलेल्या गठ्ठ्याची गाठ मारू लागला. विजयश्री दारात थोडा वेळ थांबली. त्याने वर पाहिलं नाही.